डोंगरउतारावरचे सगळे दगड वेचू नका

आधीच सांगतो, आमचं कोल्हार म्हणजे प्रवरेकाठचं भगवतीपूर-कोल्हार नव्हे. आमचं पाथर्डी तालुक्यातलं, गर्भगिरीच्या डोंगरातलं. तिकडं काळी रानं अन् ऊस. इकडं उतार, धोंडे, आणि दोन धोंड्यांच्या मधी पायाला चिकटणारी माती.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पाथर्डी-शेवगावकडची रानं खरडून गेली, तुम्ही पाहिलंच. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत जाहीर केलं. तेव्हापासून पारावर एकच विषय. जेसीबी लावायचा, दगड काढायचे, वरून तळ्यातला गाळ टाकायचा. नदीकाठच्या सपाट रानाला हे ठीक आहे. डोंगराच्या पोटाला असलेल्या रानाला माझा विरोध आहे, आणि तो दीड एकर घालवून आलेला आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात तळी कोरडी पडली होती. मीही गाळ आणला. त्याआधी डोंगराकडच्या दीड एकरातले दगड मशीननं खरवडून बांधाबाहेर ढकलले. रान असं गुळगुळीत झालं की येणारे जाणारे थांबून बघायचे. पहिल्या वर्षी बाजरी डोक्याएवढी. दुसऱ्या वर्षी एकाच संध्याकाळच्या पावसानं गाळ ओढ्यात नेला आणि खालची चिकण माती उघडी पडली. थेंबांच्या मारानं तिच्यावर पापडी धरली. आता पाणी मुरतच नव्हतं, नुसतं पळत होतं. म्हातारे म्हणाले होते, "धोंडा रानाचा पहारेकरी आहे." मी हसलो होतो.

ही माती नेमकी काय आहे ते समजून घ्या. आपला खडक काळा, बेसाल्टचा. तो झिजून जी चिकण माती होते ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. खोल काळ्या रानात तिच्या भेगांत हात जातो. आमच्याकडं मात्र ती गोट्यांच्या मधी अडकलेली, म्हणून भेगा लहान, आणि पाणी दगडाच्या कडेकडेनं खाली मुरमात उतरतं. पाऊस उघडल्यावर खालच्या रानात पाय रुततो तेव्हा आमच्याकडं कुळव चालू असतो, इतका वाफसा लवकर येतो. तोटा एकच, ओल धरून ठेवायला माती थोडी.

थोडी म्हणजे किती, हे मी मोजलं. खड्डा घेतला, आत प्लास्टिक अंथरून पाण्यानं भरला, बरोबर २० लिटर बसलं. मग त्याच खड्ड्यातले दगड धुऊन काठोकाठ भरलेल्या टाकीत सोडले, ९ लिटर पाणी सांडलं. म्हणजे २० मधी माती ११ च. आता माती परीक्षणाचा कागद काढा. नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून जातो, दगड बाहेर राहतात. आणि हेक्टरी पालाश, स्फुरद काढताना वरच्या सहा इंचात साधारण २२ लाख किलो माती धरतात. माझ्या रानात तेवढी माती आहेच कुठं? कागदावर पालाश 'भरपूर' दिसतं, ते प्रत्यक्षात जवळपास निम्मंच. सहायक कृषी अधिकारी साहेब, आपण हे वाचत असाल तर नमुन्याच्या पिशवीबरोबर दगड किती तेही लिहून घ्या. पाण्याचंही तसंच. एका पाळीत जास्त देऊन उपयोग नाही, थोडं थोडं आणि लवकर लवकर द्यावं लागतं.

झाडीखालची हीच माती वेगळी वागते. कोल्हुबाईच्या गडावर माजी सैनिकांनी झाडं लावलीत, तिकडं कधी गेलात तर झाडाखालचा पालापाचोळा बाजूला सारून बघा. आमच्या बांधावर जुना लिंब आणि हिवराची रांग आहे. जुन्या पिंपाची बिनबुडाची कडी रोवून तिथं बादलीभर पाणी ओतलं, बिडी संपायच्या आत मुरलं. त्या दीड एकरात तीच कडी, तेवढंच पाणी, जेवून आलो तरी साचलेलं. खडक तोच, चिकण तीच. फरक पाल्याचा, मुळ्यांचा आणि गांडुळांचा.

आता दगडाबद्दल एक बारकी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मातीवर सुटा पडलेला दगड कामाचा. थेंबाचा मार तो झेलतो, त्याच्याखाली ओल टिकते, उन्हाळ्यात उचलून बघा, खाली गारवा लागतो. पण पापडी धरलेल्या मातीत रुतून बसलेला दगड उलटा वागतो, त्याच्यावरून पाणी सरळ घसरतं. म्हणून सगळे दगड ठेवा असं मी म्हणत नाही. फाळाला लागणारे मोठे धोंडे काढावेच लागतात. त्यांना बांधाबाहेर ढकलू नका, उताराला आडवी ताल घाला. मुठीएवढे रानातच राहू द्या.

गाळ टाकायचाच असेल तर आधी ताली, मग गाळ, आणि तोही पातळ, खालच्या मातीत कुळवून मिसळलेला. नुसता वर पसरलेला गाळ म्हणजे उतारावर ठेवलेली गोधडी. पैसे माझ्या हातात असते तर निम्मे तालींवर घातले असते आणि उरलेल्यात सीताफळ लावलं असतं. त्याची मुळी दगडाच्या फटीतून खाली जाते, कमी मातीत भागवते. खालच्या बाजूला हुलगा-मटकी. कांदा या रानात करू नका, पाणी देता देता थकाल.

"मग तुमच्या दीड एकराचं काय?" असं पुतण्यानं परवा विचारलं. बांधाबाहेर ढकललेलेच दगड आता मजुरी देऊन परत आत आणतोय. दोन ताली झाल्या, तिसरीचा पाया भरायचा आहे. पहिल्या तालीच्या वरच्या अंगाला यंदा हातभर रुंदीची माती साचली, तिच्यात तुरीच्या दोन ओळी उभ्या आहेत. बाकी रान अजून टणकच आहे.