तबकडीवरचे बालगंधर्व

ज्यांनी बालगंधर्व रंगभूमीवर पाहिले नाहीत त्यांना ते कळलेच नाहीत, असे आमच्या आधीची पिढी ठामपणे सांगत असे. हे खरे मानले तर १९६७ साली त्यांचे निधन झाल्यानंतर जन्मलेल्यांनी इतरांच्या आठवणी वाचून नुसती मान डोलवायची. आम्हांस हे मान्य नाही. आमच्या मते त्यांच्या ध्वनिमुद्रिका म्हणजे रंगभूमीवरील वैभवाचे उरलेसुरले अवशेष नव्हेत. त्या स्वतंत्र कलाकृती आहेत आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने त्या संहितेइतक्याच बारकाईने अभ्यासल्या पाहिजेत.

हे खानदेशात सांगण्यास विशेष कारण आहे. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाने गाण्याचे प्राथमिक धडे जळगावात मेहबूब खान यांच्याकडे गिरवले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नावही आहे. तरीही जळगाव-धुळ्याकडील मराठीच्या वर्गांत संगीत नाटक बहुधा छापील पुस्तकावरूनच शिकवले जाते. पद आले की त्याचा अर्थ सांगून पुढे जायचे, हा शिरस्ता.

'स्वयंवर' (१९१६) मधील रुक्मिणीचे यमनातील पद घ्या. शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवा बखल्यांची. रंगभूमीवर 'वन्समोअर'च्या गजरात पद कितीही लांबवता येई. तबकडीची एक बाजू मात्र सुमारे तीन मिनिटांत संपे. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय गायकाला करावाच लागे. विस्तार हे ज्या गाण्याचे बलस्थान, त्याला येथे निवड शिकावी लागली.

शिवाय तबकडीवर शालू नाही, दागिने नाहीत, मुरका नाही. उरतो तो केवळ आवाज, आणि तोही बाईच्या आवाजाची नक्कल करणारा नव्हे. तरी रुक्मिणी समोर उभी राहते. ती उभी राहते शब्दोच्चारातून, तीच ओळ पुन्हा घेताना सरकणाऱ्या आघातातून, लयीशी केलेल्या लाडिक चुकवाचुकवीतून. त्यांची स्त्रीभूमिका वेशापेक्षा उच्चारात अधिक होती, हे प्रेक्षागृहात दिपलेल्या डोळ्यांना कदाचित जाणवलेही नसेल. तबकडी ते निःसंदिग्धपणे दाखवते.

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे (१९१५–१९५९) यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी समीक्षक याच भाषेत बोलत आले आहेत. त्यांच्या आवाजाचा पल्ला लहान होता, पण शब्द तालाच्या किंचित मागे ठेवून त्या सामान्य गीतालाही खोल अर्थ देत. त्यांची मोठी कामगिरीही तीन मिनिटांच्या तबकडीवरचीच. दोन्ही परंपरा सर्वस्वी भिन्न. बालगंधर्वांपाशी तानेचे ऐश्वर्य होते, हॉलिडे यांनी त्या वाटेला जाण्याचे टाळले. पण अलंकाराने शब्दाची सेवा करावी, हा विवेक दोघांत समान आहे. हॉलिडे यांना प्रत्यक्ष ऐकले नाही म्हणून त्यांच्या कलेविषयी बोलण्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. मग आपणच आपल्या विद्यार्थ्यांना तो का नाकारावा?

तबकडीत मैफल नाही, दाद नाही, रात्रीचा रंग नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु छापील नाटकातही रंगमंच नसतो आणि ते आपण वर्षानुवर्षे शिकवतोच. म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी 'स्वयंवर' शिकवताना हे पद दोनदा ऐकवा, एकदा पुस्तक उघडे ठेवून, एकदा मिटून. दुसऱ्या वेळी कोणता शब्द नवा वाटला, एवढेच विचारा. तेथून समीक्षा सुरू होईल.