सावरकरांना जिथे उभं केलं, त्या कोर्टाचं आज हॉटेल झालंय : लंडनच्या सरकारी इमारतींचं नेमकं काय चाललंय?

१३ मार्च १९१०. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पॅरिसहून आलेला एक २६ वर्षांचा मराठी तरुण उतरला आणि उतरताक्षणी पोलिसांनी त्याला पकडलं. तो तरुण म्हणजे विनायक दामोदर सावरकर.

मुंबई सरकारच्या वॉरंटवर ही अटक झाली होती. त्यांना उभं करण्यात आलं बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात. १२ मे १९१० ला याच कोर्टानं त्यांना खटल्यासाठी हिंदुस्थानात पाठवण्याचा आदेश दिला. त्यानंतर काय झालं ते आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहिती आहे. मोरिया बोट, मार्सेलिसचं बंदर आणि ती उडी.

आता गंमत बघा. त्या कोर्टाच्या इमारतीत आज तुम्ही रात्र काढू शकता. फक्त आरोपी म्हणून नाही, तर पाहुणे म्हणून. २०२१ पासून तिथे 'नोमॅड लंडन' नावाचं ९१ खोल्यांचं आलिशान हॉटेल आहे. जिथे निकाल वाचले जायचे त्या कोर्टरूमचा समारंभांसाठी हॉल झालाय आणि शेजारच्या पोलीस ठाण्याच्या भागात बार आहे.

वाचून काहींना राग येईल, काहींना वाटेल की निदान इमारत तरी वाचली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा, कारण तो लंडनपुरता नाही. आपल्या किल्ल्यांवरून हेच भांडण २०१९ मध्ये होऊन गेलंय.

लंडनमध्ये हे एकच हॉटेल आहे का?

नाही, तिथे रांगच लागलीय.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे व्हाइटहॉलमधलं 'ओल्ड वॉर ऑफिस'. १९०६ मध्ये बांधून झालेलं ब्रिटिश साम्राज्याचं युद्ध खातं. हिंदुस्थानचा सरसेनापती राहिलेला किचनर पहिल्या महायुद्धात इथूनच युद्धमंत्री म्हणून कारभार बघायचा. पुढे चर्चिलही त्याच खुर्चीत बसला. ही इमारत हिंदुजा कुटुंबानं ३५ कोटी पौंडांहून जास्त रक्कम मोजून घेतली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे 'रॅफल्स' हॉटेल सुरू झालं. ज्या घराण्याचा धंदा सिंधमधून मुंबईत आला आणि मग जगभर पसरला, त्याच्याकडे आज ब्रिटिशांचं युद्ध खातं आहे.

तिथून अगदी जवळ 'ग्रेट स्कॉटलंड यार्ड' हॉटेल आहे. तेही २०१९ मध्ये उघडलं केरळच्या युसुफ अली यांच्या लुलू समूहानं. ग्रोव्हनर स्क्वेअरमधली अमेरिकेची जुनी वकिलात २०२५ मध्ये हॉटेल झाली. लंडनच्या आकाशात लांबून दिसणारा बीटी टॉवर फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अमेरिकन हॉटेल कंपनीला २७.५ कोटी पौंडांना विकल्याची घोषणा झाली.

पण हॉटेलच का? ऑफिस किंवा शाळा का नाही?

पहिलं कारण म्हणजे या इमारती पाडता येत नाहीत. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक इमारतींची अधिकृत यादी असते आणि तिच्या तीन श्रेणी असतात. यादीतल्या इमारतीत परवानगीशिवाय फेरफार केला तर तो थेट फौजदारी गुन्हा ठरतो. म्हणजे पाडून टॉवर उभा करायचा मार्ग बंद.

दुसरं, आजच्या ऑफिसला या इमारती सोयीच्या नाहीत. जाड भिंती, जुनी वायरिंग, लहान-लहान खोल्या. दुरुस्तीचा खर्च दरवर्षी वाढतो आणि सरकारला तो नकोसा होतो.

तिसरं, हॉटेलला मात्र नेमकं हेच हवं असतं. लांब कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंनी खोल्या. मोठा जिना, उंच छताचा हॉल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोष्ट. नवीन बांधलेल्या हॉटेलात संगमरवर मिळतो, पण 'चर्चिल इथे बसायचा' हे वाक्य कुठून आणणार? पाहुणा पलंगाबरोबर त्या वाक्याचेही पैसे मोजतो.

मग ही हॉटेलं एवढी महाग का?

युद्ध खात्याच्या त्या इमारतीत सुमारे १,१०० खोल्या होत्या. हॉटेलमध्ये किती झाल्या? १२०. सोबत ८५ आलिशान घरं. खोल्या कमी झाल्या आणि दुरुस्तीचा खर्च अफाट, त्यामुळे तो वसूल होणार फक्त भाड्यातून आणि घरांच्या विक्रीतून. हॉटेल सुरू झालं तेव्हा एका रात्रीचं भाडं साधारण १,१०० पौंडांपासून होतं. आपल्या हिशोबात लाख रुपयांच्या वर.

थोडक्यात, इमारत वाचवण्याचं बिल पाहुणा भरतो. त्याच्या बदल्यात इमारत त्याची होते.

म्हणजे सामान्य माणूस बाहेरच?

इथे खरी मेख आहे.

युद्ध खात्यात सामान्य माणसाला आधीही कोण आत सोडत होतं? बाहेर पहारा असायचा. आज निदान तिथल्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करून तो जिना डोळ्यांनी बघता येतो. महाग का होईना, पण बंद दार थोडं उघडलं.

कोर्टाचं तसं नाही. कोर्ट चालतंच उघड्या दारानं. बो स्ट्रीटच्या या इमारतीत १८८१ पासून २००६ पर्यंत कामकाज चाललं. ऑस्कर वाइल्ड, मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट, चिलीचा हुकूमशहा पिनोशे, सगळ्यांची प्रकरणं इथे आली. रस्त्यावरचा कुणीही आत जाऊन बाकावर बसू शकत होता, फुकट. आज तिथे बसायचं तर आधी बुकिंग लागतं. म्हणजे उघडं दार बंद झालं.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. त्याच इमारतीच्या एका भागात २०२१ मध्येच पोलीस संग्रहालय सुरू झालं. साधं तिकीट काढून जुन्या कोठड्या बघता येतात. म्हणजे सगळं दार लावून घ्यायची गरज नसते, हे तिथेच सिद्ध झालंय.

तर ऐतिहासिक इमारतीचं हॉटेल होणार म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा : आधी दार उघडं होतं की बंद, आणि आता कुणासाठी उघडतंय?

आपल्याकडे हा प्रश्न कसा लागू होतो?

राजस्थानातले महाल हॉटेल झाले तेव्हा फारसं कुणी रस्त्यावर उतरलं नाही. कारण उदयपूरचा लेक पॅलेस राजघराण्याची खासगी मालमत्ता होती. प्रजेला तिथे आधीही मुक्त प्रवेश नव्हता.

सप्टेंबर २०१९ मध्ये मात्र महाराष्ट्रातले २५ किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाडेपट्ट्यावर देण्याच्या योजनेची बातमी आली आणि राज्यभर संताप उसळला. शिवाजी महाराजांशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. लोक का चिडले? भावना तर होतीच. पण किल्ल्याचं दार सगळ्यांसाठी उघडं आहे. पाठीवर सॅक टाकून, डब्यात भाकरी घेऊन कुणीही गड चढतो. ते दार बंद होईल, ही भीती खरी होती. २०२५ मध्ये महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यामुळे पर्यटक वाढतील आणि असे प्रस्ताव पुन्हा येतील.

पण 'काहीच करू नका' हेही उत्तर नाही. मुंबईत काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन बघा. हे मुळात वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून उभं केलेलं. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंचा चित्रपट भारतात पहिल्यांदा इथेच दाखवला गेला. पुढे हॉटेल बंद पडलं, आत भाडेकरूंची घरं आणि ऑफिसं झाली, देखभाल कुणीच केली नाही. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालानं ती पाडण्याची शिफारस केली. वारसा यादीत नाव होतं, पण यादीतल्या नावानं गंज थांबत नाही. त्याला पैसा लागतो.

मग करायचं काय?

हॉटेल हवं की नको, यावर भांडण्याआधी करार वाचायला मागायचा. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

एक, मुदत किती? लंडनच्या युद्ध खात्याचा भाडेपट्टा २५० वर्षांचा आहे. आजपासून तेवढं मागे गेलात तर सवाई माधवरावांची पेशवाई लागते. एवढ्या मुदतीनंतर 'मालकी सरकारचीच आहे' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

दोन, कोणता भाग सामान्यांसाठी उघडा राहणार, किती वेळ आणि किती तिकिटात?

तीन, आतला इतिहास कोण सांगणार? हॉटेल तीच गोष्ट सांगतं जी पाहुण्याला जेवताना ऐकायला आवडेल.

सावरकर राहायचे त्या हायगेटच्या इंडिया हाऊसवर निळी पाटी आहे. लंडनला जाणारे बरेच मराठी लोक तिथे जाऊन फोटो काढतात. पुढच्या वेळी कोव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाऊससमोरही थांबा. समोरची ती दगडी इमारत म्हणजे बो स्ट्रीटचं कोर्ट. तिथे मुक्काम करणं बहुतेकांना परवडणार नाही. पण बाजूच्या संग्रहालयाचं तिकीट काढा आणि कोठडीत पाच मिनिटं उभे राहून या.