हसणाऱ्याचे तोंड दिसावे

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदीचा अंमल सुरू झाला. चैत्रातील यात्रांवर ज्यांची वर्षाची गुजराण चालते त्या तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या रद्द झाल्या, आणि नगर जिल्ह्याच्या गावोगावी सोंगाड्याच्या मुखातून उमटणारा विनोद एकाएकी व्हॉट्सअ‍ॅपच्या हवाली झाला.

त्या विनोदाचा अव्हेर करावा, असे मला मुळीच वाटत नाही. घरच्या घरी केलेली हजामत, हनुवटीवर घसरलेली मुखपट्टी, मे महिन्यात मद्याची दुकाने उघडताच लागलेल्या रांगा, यांवर माणसे हसली ती स्वतःलाच हसली; भयाने ग्रासलेल्या समाजाला आपली फजिती आपणच पाहण्याइतके भान उरले होते, ही मोलाची गोष्ट आहे.

परंतु त्याच व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर मुंबईहून पारनेर-अकोले तालुक्यांकडे परतणाऱ्या आपल्याच भाऊबंदांची टवाळी चालली होती. वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस विलग राहिलेल्या मनुष्याला आपल्यावरचा विनोद आपल्याच गावच्या समूहावर वाचावा लागत होता. सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, प्रसंगी मायबाप सरकारचीही खोड काढतो. पण ती समोर उभा राहून, ज्याची काढली तो पुढच्या रांगेत बसलेला असताना. विनोद मर्यादा ओलांडू लागला तर प्रेक्षकच त्याला तिथल्या तिथे आवरतात. पुढे ढकललेल्या विनोदाला मात्र कर्ता नसतो, आणि संदर्भही वाटेत गळून पडतो. रामदास आठवले यांच्या ‘गो कोरोना’वर सारा देश हसला, तेव्हा ती घोषणा फेब्रुवारीत गेटवे ऑफ इंडियापाशी भरलेल्या एका प्रार्थनासभेतील आहे, हे किती जणांच्या ध्यानी होते?

‘एप्रिल फूल’च्या निमित्ताने अफवा पसरविणाऱ्यांना राज्याच्या गृहमंत्र्यांनी कारवाईची ताकीद दिली, ७ एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपने वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. दोन्ही उपाय रास्तच होते. तथापि निनावी हशाला त्यांनी धनी मिळवून दिला नाही.

पुढल्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत त्याच समूहांवर प्राणवायूच्या खाटेसाठी आणि रेमडेसिव्हिरसाठी याचना येऊ लागल्या, आणि त्यांच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर कोरोनाने निवर्तल्या. पुरुषी भूमिकाही गाजविणाऱ्या या बाईंच्या अंत्यदर्शनाला महाराष्ट्रभरातून रसिक लोटले असते. निर्बंधांमुळे ते शक्य नव्हते.

पुन्हा साथ आली तर जिल्हा प्रशासनाने केवळ मनाई हुकूम काढून थांबू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. रिकाम्या बसलेल्या फडांतील सोंगाड्यांना आरोग्य खात्याने रीतसर मानधन द्यावे, त्यांच्याच बोलीतील बतावण्या चित्रित कराव्यात, आणि त्या त्यांच्या नावानिशी गावोगावच्या समूहांवर धाडाव्यात. त्यासाठी लागणारी रक्कम जिल्हा नियोजन समितीने आताच राखून ठेवावी. साथ दाराशी आल्यावर मंजुरीचे कागद फिरवीत बसण्यास सवड मिळत नाही.