आवाज कोठून येतो?



मोटार जुनी झाली म्हणजे सकाळी सुरू होताना ती काहीतरी बोलू लागते. कधी खडखड, कधी किंकाळी, कधी नुसतीच टिकटिक. घरातील एक म्हणतो, “इंजिन गेले.” दुसरा म्हणतो, “थंडी आहे, चालायचेच.” दोघेही अंदाजाने बोलतात आणि त्या अंदाजाचा खर्च मात्र साऱ्या घराला सोसावा लागतो. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात थंडीचे दिवस आले की हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणून आज त्याचाच विचार करू.

मोटार थोड्या संख्येने बनलेली असेल तर ही काळजी अधिकच वाढते. गोव्यात सॅन मोटर्स ह्या कंपनीने १९९८ च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार बाजारात आणली होती. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनॉ ह्या फ्रेंच कंपनीचे, ११४९ सी.सी.चे. हौशी लोक अशा जुन्या मोटारी आजही जपतात. परंतु तिचा सुटा भाग काही प्रत्येक दुकानात मिळावयाचा नाही. तेव्हा निदान चुकून इंजिन विनाकारण उघडले गेले, तर पैसाही जातो आणि मोटारही महिनोन्‌महिने उभी राहते.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. आवाज कसा आहे हे सांगण्याआधी तो केव्हा होतो, किती वेळ टिकतो, आणि इंजिनाचा वेग वाढविला असता तोही वाढतो का, ह्या तीन गोष्टी पाहाव्या. हे ठरले की अर्धे काम झालेच म्हणून समजा.

किल्ली फिरविताच, इंजिन फिरण्यापूर्वी, मागील बाजूने क्षणभर बारीक गुणगुण ऐकू आली तर भिऊ नये. इंजेक्शनच्या मोटारीतील पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप तो आवाज करतो. कार्बोरेटरची मोटार चालविण्याची सवय असलेल्याला तो दोष वाटतो, पण ते कामाचे लक्षण होय.

सेल्फ मारताच भराभर टिकटिक होऊन दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर गंज चढला आहे. दिवे तेजस्वी आहेत आणि एकच जाड ‘टक्’ येते, तर दोष स्टार्टरकडे शोधावा. स्टार्टर घरघरतो पण इंजिन फिरत नाही, तर त्याचे लहान दातेरी चाक मोठ्या चाकात अडकत नाही. करकर असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला, तर ते दातेच झिजत आहेत. इंजिन सुरू झाल्यावरही स्टार्टरची किंकाळी थांबत नसेल, तर किल्ली तत्काळ बंद करावी. ह्यांपैकी कोणत्याही दोषासाठी इंजिन उघडण्याचे कारण नाही.

इंजिन सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन-तीन सेकंद सर्वांत बोलके असतात. रात्रभर उभ्या मोटारीतील ऑइल तळाशी उतरलेले असते. पंपाने ते वर चढवीपर्यंत लोखंड लोखंडावर थोडे वाजतेच. ही खडखड दोन सेकंदांत विरली तर आधी ऑइलची पातळी पाहावी. नंतर ऑइल आणि फिल्टर हलके तर नाहीत ना, हे तपासावे. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे वाहू न देणारी झडप असते. ती निकामी झाली की रोज सकाळी हाच आवाज येतो. थोड्या रुपयांचा फिल्टर बदलून जो दोष जावयाचा, त्यासाठी इंजिन उघडण्याची घाई का करावी?

परंतु खोल, जड ठोका पडत असेल, वेगाबरोबर तो वाढत असेल आणि ऑइलचा लाल दिवा विझत नसेल, तर एक क्षणही मोटार चालू ठेवू नये. तो बेअरिंगचा ठोका असण्याचा संभव आहे. “गावापर्यंत नेऊ, मग पाहू” असे म्हणणाऱ्याची क्रँक त्या चार मैलांतच खराब होते.

थंडीत ‘फुस-फुस’ होऊन गरम झाल्यावर थांबणारा आवाज बहुधा सायलेन्सरच्या नळीच्या फटीचा असतो. लोखंड तापून प्रसरण पावले की फट मिटते. किंचाळणारा आवाज पट्ट्याचा. दुरून पट्ट्यावर पाण्याचे चार थेंब उडविले असता तो क्षणभर थांबला किंवा बदलला, तर दोष पट्ट्याकडेच शोधावा.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. मुंबईत कुर्ल्यास पूर्वी बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत इंजिनाच्या आत साखळी असे; साखळी सैल झाली की खडखडून आपली तक्रार सांगते. स्टॉर्मच्या इंजिनात त्या जागी दातेरी रबरी पट्टा आहे. तो बहुधा कुरकुर करीत नाही. एके दिवशी निमूटपणे तुटतो, आणि काही इंजिनांत त्याबरोबर आतील व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून अशा मोटारीत आवाजाची वाट न पाहता तो पट्टा मुदतीत बदलावा. जुनी मोटार घेताना तो कधी बदलला ह्याचा पुरावा मिळत नसेल, तर बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा.

खरेदीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. थंड इंजिनाचा दोष गरम इंजिन झाकून टाकते. काही विक्रेते गिऱ्हाईक येण्यापूर्वीच मोटार फिरवून आणतात. म्हणून मोटार सकाळी, ती सुरू होण्यापूर्वी पाहावी. आधी बॉनेटवर हात ठेवावा, आणि ते कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी यावे. विकणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे की, दोष ठाऊक असून तो लपविणे म्हणजे शेजाऱ्याच्या खिशात हात घालणेच होय. “सकाळी आवाज करते” एवढे तीन शब्द सांगितल्याने किंमत थोडी उतरेल. पण विश्वास उतरणार नाही.

आता जिवाची गोष्ट. आवाज ऐकण्यासाठी बंद कोठारात किंवा गोठ्यात इंजिन मुळीच सुरू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; थंडीत दार लावून बसलेल्या माणसाला तो कळण्यापूर्वीच बेशुद्ध करतो. बॉनेट उघडे असताना पदर, गमछा आणि लहान मुले दूर ठेवावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, हे विसरू नये.

मिस्त्रीकडे जाताना “काहीतरी वाजते” असे मोघम सांगू नका. तीन सकाळींचा आवाज मोबाईलवर नोंदवून घ्या. तो केव्हा झाला, किती टिकला, ऑइल किती होते, हे कागदावर लिहा. मिस्त्रीने इंजिन उघडण्याची गोष्ट काढली, तर कोणत्या लक्षणावरून, हे नम्रपणे विचारा. जाणता मिस्त्री ह्या प्रश्नाने रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्या हाती मोटार देण्यापूर्वी आणखी एकाचे मत घ्यावे हे बरे.