दुसऱ्या जीपचे ऋण

तालुक्याच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने जरा डोळे उघडे ठेवून गेलात, तर ती कुठेतरी दिसतेच. गोठ्यामागे, बाभळीखाली, नाहीतर बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या आडोशाला. चाके मातीत रुतलेली, ताडपत्री उन्हाने विरलेली, सीटच्या जागी कोंबडीने संसार मांडलेला. पण समोरची उभ्या फटींची जाळी आणि दोन गोल दिवे पाहिले की सत्तरीतला माणूसही लहान मुलासारखा म्हणतो, ‘अरे, ही तर जीप!’ कोणाच्या आजोबांनी ती घेतलेली असते, कोणी तिच्यातून निवडणुकीचा प्रचार केलेला असतो, कोणाची वरात तिच्यातून निघालेली असते. मग दिवाळीला पुण्या-मुंबईहून आलेला नातू तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो आणि जाहीर करतो, ‘आजोबा, ही आपण पुन्हा चालू करायची.’ घरातल्या बायका एकमेकींकडे पाहतात. हे प्रकरण कुठवर जाणार, हे त्यांना आधीच कळलेले असते.

या गाडीवर लोकांचा जीव का जडतो, याचे उत्तर तिच्या जन्मातच आहे. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती, तीही तातडीने. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना काही आठवड्यांत तयार करून दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच काही वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ही लढाईवरची गाडी आपल्याकडे धरणांच्या कामावर, जंगलखात्यात, मामलेदार कचेरीत आणि बागायतदाराच्या अंगणात रुजू झाली. तिला दारे नव्हती, गाद्या बेताच्या होत्या आणि पावसात आतला माणूस बाहेरच्याइतकाच भिजे. तरीही रस्ता जिथे संपे, तिथून पुढे जाणारी ती एकटीच होती.

तर नातू उत्साहाने गाडी मिस्त्रीकडे नेतो. जुना मिस्त्री आधी बॉनेट उघडत नाही. तो खाली वाकतो आणि हातोडीने चासी टोकत टोकत मागे जातो. जिथे टणत्कार येतो तिथे लोखंड आहे, जिथे भद्द आवाज येतो तिथे गंज. बडा घर पोकळ वासा म्हणतात, त्याचा अर्थ अशा वेळी कानांना कळतो. गंजाची रीत मोठी कपटी असते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज फुगतो आणि जोड आतून उकलत नेतो. युद्धकाळातल्या जीपच्या तळाखाली आडव्या पन्हळी असत आणि त्यांत लाकडी पट्ट्या भरलेल्या असत. ते लाकूड पाणी धरून ठेवी. वरून रंग शाबूत दिसे आणि खाली पत्र्याची चाळण होत असे.

बॉनेट उघडल्यावर दुसरा धक्का बसतो. पुष्कळ जीपांमध्ये मूळचे पेट्रोल इंजिनच नसते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासे झाले, तशी आपल्याकडे अनेकांनी ती इंजिने काढून डिझेलची बसवली. त्यासाठी चासीवरचे मूळ आधार कापले, नवे वेल्डिंग करून ठोकले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, गाडी त्यांच्या पोटापाण्याची होती. पण आता नातवाला आजोबांची जीप ‘होती तशी’ हवी आहे. इंजिन हवे, गिअरबॉक्स हवा, तळाचा पत्रा हवा, स्टिअरिंगचा दांडा हवा. हे सगळे सुटे सुटे शोधत बसायचे, की एकाच ठिकाणी उभी असलेली दुसरी जीप घ्यायची? मिस्त्री सहज म्हणतो, ‘एक अख्खी गाडी घ्या खोलायला. स्वस्त पडेल.’

त्या ‘खोलायला’ या शब्दापाशी मला आज वाचकांना थोडे थांबवायचे आहे. जुनी गाडी पुन्हा उभी राहिली की तिचे फोटो छापून येतात, रॅलीत टाळ्या मिळतात, आजोबांच्या डोळ्यांत पाणी येते. या आनंदात खोट काही नाही. पण ज्या दुसऱ्या गाडीचे अवयव काढून ही उभी राहिली, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. तिलाही कोणाचे तरी आजोबा होते. अवयवदानात दात्याचे ऋण मानायची आपल्याकडे पद्धत आहे. यंत्राला जीव नसतो हे खरे, पण त्यात माणसांची मेहनत असते, आणि अशा गाड्यांची संख्या दर वर्षी घटतच जाणार आहे.

यावर एक रोकडा युक्तिवाद असतो. ‘ती गाडी नाहीतरी भंगारातच जाणार होती. भट्टीत वितळण्यापेक्षा चार भाग तरी जगले.’ हा युक्तिवाद बिनतोड आहे, पण ती खरोखरच भंगारात जाणार असेल तरच. चासी दुमडलेली, सांगाडा मातीला मिळालेला, अशी जीप दाता म्हणून घेतली तर ते पुण्यकर्मच. पण अख्खी गाडी विकून जेवढे येतात त्याहून जास्त तिचे तुकडे विकून येऊ लागले, की थोड्याशा खर्चात चालू झाली असती अशी गाडीही पान्याखाली येते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, की या दोघींपैकी वाचण्याजोगी कोणती? उत्तर दुसरीच्या बाजूने आले, तर आजोबांची गाडी दाता व्हावी. हे बोलायला सोपे आणि घरात सांगायला फार कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

दुसरी गोष्ट घाईची. सगळ्या जीपा सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात. १९५३ मध्ये आलेल्या ‘सीजे-थ्री-बी’चे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे, कारण तिचे नवे इंजिनच उंच होते. कमी उंचीचे जुने बॉनेट त्यावर बसणार नाही. युद्धातल्या जीपचा तीन गिअरचा गिअरबॉक्स वेगळा, नंतरच्या नागरी जीपचा वेगळा. फोर्डने तर युद्धकाळातल्या आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवले होते. हे न पाहता दाता विकत घेतला, तो खोलला आणि मग कळले की निम्मे भाग लागू पडत नाहीत, अशा वेळी दोन्ही गाड्या पोत्यांत भरल्या जातात आणि तिथेच राहतात. खोलण्याआधी आठ दिवस मोजमाप करणारा मिस्त्री चार पैसे जास्त मागत असेल, तर ते त्याला खुशाल द्यावेत.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि इथे प्रश्न सचोटीचा आहे. गाडीची ओळख तिच्या चासीवर कोरलेल्या क्रमांकात असते. आपली चासी सडली म्हणून दात्याची घ्यायची आणि तिच्यावर आपला क्रमांक ठोकायचा, हा मार्ग कोणीतरी सुचवतोच. तो गुन्हा आहे. चासी बदलायचीच असेल, तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. खोललेल्या गाडीचे कागदही कपाटात पडून राहता कामा नयेत. गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. मेलेल्या गाडीचे जिवंत कागद उद्या कोणत्या चोरीच्या गाडीला चिकटतील, ते सांगता येत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. त्यांतही गाडी मूळ रूपात हवी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी अट आहे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, पण रोज बाजाराला नेता येत नाही.

इथे मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा जुना संवाद आठवतो. राजा रथातून आला होता. नागसेनाने विचारले, रथ म्हणजे काय? चाके? आस? जू? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणत गेला. शेवटी त्याला मान्य करावे लागले, की या सगळ्यांच्या मेळाला आपण रथ हे नाव दिले आहे, इतकेच. जीपचेही तसेच. इंजिन एकीचे, पत्रा दुसरीचा, मग आजोबांची गाडी कोणती उरली? मला वाटते, हा मेळ कसा जमला हे खरेपणाने सांगता येते, तोवर ती आजोबांचीच. लांबी भरून, रंग चढवून ‘सगळे मूळचेच आहे’ असे सांगू लागलो, की ती कोणाचीच राहत नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्यूरिन सनदही हेच सुचवते: मूळचे जेवढे टिकेल तेवढे टिकवा, आणि आधुनिक पर्यायी भाग बसवलाच, तर त्यावर कायमची खूण करा.

घरात हे करणे अवघड नाही. एक दोनशे पानी वही घ्यावी. एका बाजूला आपल्या गाडीचा क्रमांक, दुसऱ्या बाजूला दात्याचा. कोणता भाग कुठून आला, कोणत्या तारखेला बसवला, कोणत्या मिस्त्रीने बसवला, हे लिहावे. लिहायचे काम घरातल्या मुलांना द्यावे, त्यांचे अक्षरही सुधारेल. मात्र जुना रंग घासताना मुलांना लांब ठेवावे, त्यात शिसे असू शकते. दाता गाडी ज्याच्याकडून घेतली त्याला तिची हकीकत विचारावी आणि तीही त्याच वहीत उतरवावी. उरलेले भाग भंगारवाल्याला तोलून देण्याआधी दुसऱ्या कोणाची जीप त्यांच्यासाठी अडली आहे का, ते पाहावे.

आणि मग एखाद्या सकाळी जीप सुरू होईल. धूर काढील, दोनदा बंद पडेल, तिसऱ्यांदा धरील. आजोबा पुढे बसतील, मुले मागे, आणि वेशीपर्यंत एक फेरी होईल. गाडीला हार घालायची आपली रीत आहे, तो जरूर घालावा. फक्त त्यातले एक फूल मिस्त्रीच्या अंगणात उरलेल्या त्या रिकाम्या सांगाड्यावर ठेवायला विसरू नये.