हिरवं बटण आणि आंधळा कारभार

मंडळी, विकांताला भांडायला कुणीतरी लागतंच. आज एडिटरची पाळी.

हल्लीचे एडिटर म्हणतात, टर्मिनल कशाला हवं, मी आहे ना! व्हीएस कोड पॅकेज-जेसन वाचतो, त्यातल्या स्क्रिप्ट्सची यादी मांडतो आणि शेजारी चालवायचं बटण देतो. वेबस्टॉर्म तर पॅकेजेस इन्स्टॉल करू का, असंही विचारतो. सोय म्हणून झकास! माझं भांडण सोयीशी नाहीच. बटणामागे काय चालतं हे कुणालाच ठाऊक नसणं, याच्याशी आहे.

पहिली गोष्ट. बटण तुमच्या मशीनवर असतं, बिल्ड सर्व्हरवर नसतं. त्या बिचाऱ्याला फक्त कमांड कळते. बिल्ड कसं करायचं हे एखाद्याच्या एडिटरच्या सेटिंगमध्ये दडलेलं असेल, तर तो माणूस नोकरी सोडतो तेव्हा बिल्डही त्याच्याबरोबर जातं. मागे उरतात ते "त्याच्याकडे चालायचं हो" म्हणणारे.

दुसरी गोष्ट. व्हीएस कोड टाइपस्क्रिप्टची स्वतःची आवृत्ती सोबत आणतो. प्रोजेक्टमधली वापर, असं मुद्दाम सांगितलं नाहीत तर तो आपलीच वापरतो. म्हणजे एडिटरमध्ये एकही लाल रेघ नाही आणि बिल्ड मात्र आडवं, असं होऊ शकतं. मग दोन तास डोकं खाजवा! एडिटर खोटं बोलत नव्हता, तो फक्त दुसऱ्याच कंपायलरचं मत सांगत होता.

तिसरी गोष्ट. जावास्क्रिप्टची हत्यारं एडिटरपेक्षा लवकर म्हातारी होतात. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ने ग्रंट, गल्प आणि बोअर यांना मोठ्या थाटात घरात घेतलं. २०१७ मध्ये खुद्द बोअरच नव्या प्रोजेक्टसाठी दुसरीकडे जा म्हणू लागलं. ज्यांनी मेनू पाठ केले ते अडकले. ज्यांना खालची कमांड कळत होती त्यांनी हत्यार बदललं आणि कामाला लागले.

आता खरी भीतीची गोष्ट. पॅकेज इन्स्टॉल करणं म्हणजे नुसत्या फायली उतरवणं नव्हे. एनपीएमच्या पॅकेजला इन्स्टॉलच्या आधी किंवा नंतर स्वतःची स्क्रिप्ट चालवता येते, तीही तुमच्या खात्याच्या अधिकारांनी. सप्टेंबर २०२५ मध्ये 'शाई-हुलुद' नावाचा किडा नेमका याच वाटेने घुसला. तो टोकन चोरायचा आणि त्याच टोकनच्या जोरावर त्या डेव्हलपरच्या इतर पॅकेजेसमध्ये शिरून पसरायचा. पीएनपीएमने जानेवारी २०२५ मध्येच, दहाव्या आवृत्तीत, डिपेंडन्सीच्या अशा स्क्रिप्ट्स आपोआप चालवणं बंद केलं होतं. याला म्हणतात शहाणपण.

तुम्ही म्हणाल, टर्मिनलमध्ये तरी वेगळं काय होतं? इन्स्टॉल तर तेच! कबूल. पण तिथे कमांड तुम्ही हाताने लिहिता, स्क्रिप्ट्स चालवू नकोस असं तिलाच सांगू शकता, आणि काय घडतंय ते समोर दिसतं. एका क्लिकमध्ये विचार करायला फट कुठे असते? व्हीएस कोडने २०२१ मध्ये 'या फोल्डरवर विश्वास आहे का' असं विचारायला सुरुवात केली. आपण काय करतो? न वाचता हो म्हणतो. कुकीच्या पाटीला म्हणतो तसंच.

मग एडिटरने काय करावं? पॅकेज-जेसनमधलीच स्क्रिप्ट चालवावी, कुठली कमांड चालवतोय ते पूर्ण दाखवावं, आणि एरर आली की नेमक्या ओळीवर नेऊन ठेवावं. हे शेवटचं तो फार छान करतो, टर्मिनल त्याच्या जवळपासही येत नाही. फक्त विचारल्याशिवाय काही इन्स्टॉल करू नये आणि बिल्डची रीत स्वतःच्या पोटात लपवू नये.

सोमवारी एक करून बघा. कोऱ्या मशीनवर कोड क्लोन करा, एडिटर उघडूच नका. एनपीएम सीआय आणि एनपीएम रन बिल्ड, या दोन कमांडमध्ये काम झालं तर बटण खुशाल दाबा. नाही झालं, तर तुमच्याकडे बिल्ड नाही, नुसतं बटण आहे.

असो. चहा थंड झाला.