कार्डाचं कर्ज पतसंस्थेत आणा

सांगलीतल्या एका पगारदार नोकरांच्या पतसंस्थेत मी निवृत्त होईपर्यंत कर्जविभाग सांभाळला. कर्जमागणी अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. मुलीचं लग्न, आजारपण, शिक्षण, घरदुरुस्ती ही तिथली नेहमीची उत्तरं. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात घरदुरुस्तीचे अर्ज वाढले. जरा बोलतं केलं की कळायचं, घराला साधा रंगही द्यायचा नव्हता. क्रेडिट कार्डाची थकबाकी भागवायची होती आणि ते कागदावर लिहायची लाज वाटत होती.

ही लाज फार महाग पडते. एक सभासद दोन कार्डांची मिळून २,४०,००० रुपयांची बाकी घेऊन आले होते. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ८,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,५१२ रुपये. बिलावर छापलेली किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १२,००० रुपये ते न चुकता भरत होते आणि आपलं कर्ज फिटतंय अशा समजुतीत होते. मुद्दलात जात होते फक्त २,०८८ रुपये. कार्डावर नवा एक पैसाही खर्च न करता दरमहा अशी पाच टक्केच रक्कम भरत राहिलं, तर बाकी निम्मी व्हायलाच साडेसहा वर्षं लागतात. त्यातून मागची बाकी शिल्लक असली की बिनव्याजी मुदत मिळत नाही, साध्या किराणा सामानावरही खरेदीच्या तारखेपासून व्याज चढतं.

तीच रक्कम संस्थेकडून १२ टक्के दराने, घटत्या बाकीवर घेतली आणि तेच १२,००० रुपये दरमहा भरले, तर २३ महिन्यांत खातं निरंक होतं. तीन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ८,००० रुपयांच्या आत बसतो. दोन्ही हिशोब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, पण जामीनदारांना काय सांगू?”

खरी अडचण इथे आहे. संस्थेला दोन सहकाऱ्यांचे जामीन लागतात आणि ऑफिसात बातमी पसरते. घरीही सांगितलेलं नसतं. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे बायकोचे दागिने लॉकरमध्ये आहेत, मुदतठेवीची पावती कपाटात आहे आणि नवरा गुपचूप वर्षाला ४२ टक्के व्याज भरतोय. सोनेतारण किंवा ठेवीवरचं कर्ज याच्या कितीतरी कमी दराने मिळतं, पण त्यासाठी घरात तोंड उघडावं लागतं. ते ज्या दिवशी उघडलं, त्या दिवसापासून फेड सुरू झाली, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

काहीजण थेट दिवाळखोरीचं विचारतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग २०१९ मध्ये लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. पगारदार माणसाला आजही १९२० च्या जुन्या नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जावं लागतं. मुंबईकरांसाठीचा कायदा तर १९०९ चा आहे. दोन-अडीच लाखांसाठी ती वाट धरू नये, असंच मी सांगत आले.

व्याजदराला कायद्याचा लगाम लागेल ही आशाही सोडलेली बरी. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

वसुलीवाल्यांच्या फोनला मात्र घाबरू नये. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी वसुलीसाठी फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. परिस्थितीमुळे बिल थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. पगार खरंच थांबला असेल तर बँकेशी तडजोड करावी, लोकअदालतीत गेलं तरी चालेल. पण तडजोडीची रक्कम लेखी पत्र हातात पडल्याशिवाय भरू नये. अशा खात्यावर सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्ज मागताना तो आडवा येतो. म्हणून नोकरी चालू असलेल्या माणसाने पूर्ण फेडच करावी, या मताची मी आहे.

आणि ती फेड करून देणं पगारदार संस्थांना सहज शक्य आहे. सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली हप्ता पगारातूनच कापून येतो, त्यामुळे वसुलीचा धोका कमी. तरीही संचालक मंडळं म्हणतात, “उधळपट्टीला आपण कशाला पैसे द्यायचे?” मी पाहिलेल्या बहुतेक थकबाकीची सुरुवात दवाखान्याच्या नाहीतर कॉलेजच्या फीपासून झाली होती. ज्यांची मोबाइल आणि सहलींपासून झाली, तेही आपलेच सभासद आहेत.

येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय पत्रिकेवर घ्यायला लावावा. अर्जात ‘क्रेडिट कार्ड फेड’ हे कारण छापावं. पैसे सभासदाच्या हातात न देता थेट कार्डाच्या खात्यात भरावेत, म्हणजे ते दुसरीकडे वळणार नाहीत. कार्ड बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी, संस्थेच्या टेबलावरच लिहून घ्यावा. बाकी शून्य झाल्यावर बँकेला सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. आणि जामीनदारांची अट या कर्जापुरती शिथिल करून सभासदाचे भाग आणि वर्गणी ठेव तारण म्हणून धरावी. त्यात कर्ज पुरेसं बसत नसेल तर एका जामीनदारावर भागवावं. दोन माणसांपुढे हात पसरावे लागतात म्हणून सभासद कार्डाकडेच परत जातो, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं आहे.